बाळ रडलं की तिचं अंग गार का पडतं

सतरा वर्षांची बाळंतीण बाळ रडत असताना भिंतीकडे टक लावून बसली, की घरात दोन निष्कर्ष लगेच निघतात. "हिला पोराची माया नाही" हा एक, आणि "हिला बाहेरचं लागलंय" हा दुसरा. तिसरी शक्यता घरात बोलली जात नाही आणि दवाखान्यातही क्वचितच बोलली जाते: तिच्या बाबतीत आधी काहीतरी भयंकर घडलेलं आहे, आणि बाळाच्या रडण्याने तिचं शरीर पुन्हा त्याच प्रसंगात जाऊन उभं राहतं. मानसिक आघातानंतरच्या या आजाराला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. हा आजार असलेली मुलगी आई म्हणून कशी वागते हे कळलं, तर तिला दटावण्यात आणि देवऋष्याकडे नेण्यात जाणारे महिने वाचतात. बाळासाठी ते महिने फार मोलाचे असतात.

आधी थोडं आपल्याकडच्या परिस्थितीबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. बीडच्या ऊसतोडीत मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पाच-सहा महिने चालतो. तेवढे दिवस वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांपुढे खरा प्रश्न असतो. त्यातून पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न लागतं आणि पुढच्या हंगामात ती मुलगी पोटुशी असताना फडावर मोळ्या उचलत असते.

आघात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अनोळखी माणसाने केलेला बलात्कार येतो. या मुलींच्या बाबतीत तो बहुतेक वेळा असा नसतो. शरीरसंबंध म्हणजे काय हे कुणीच सांगितलेलं नसताना लग्नानंतरच्या पहिल्या रात्री झालेली जबरदस्ती हा आघात आहे. दारू प्यालेल्या बापाने आईला मारताना लहानपणी कोपऱ्यात बसून पाहिलेलं, नात्यातल्या माणसाने वर्षानुवर्षं केलेले चाळे, पहिलं मूल पोटातच जाणं, यांतला प्रत्येक प्रसंग आघातच आहे. १९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांच्या अभ्यासातून बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची मोजणी सुरू झाली. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: असे अनुभव एकेकटे येत नाहीत, आणि जितके साचत जातात तितका पुढच्या आयुष्यातला धोका वाढत जातो. किशोरवयात आई झालेल्या मुलींमध्ये हा साठा अनेकदा मोठा असतो, कारण ज्या परिस्थितीने त्यांना लवकर आई केलं तीच परिस्थिती आघातही देते.

बाळंतपण हासुद्धा आघात असू शकतो. सर्वसाधारण बाळंतिणींपैकी शंभरात सुमारे चार जणींना बाळंतपणामुळे पीटीएसडी होतो. आधीपासून जोखमीत असलेल्या गटांत हा आकडा अठराच्या आसपास जातो. कोवळ्या वयात कमरेचं हाड पूर्ण वाढलेलं नसतं, कळा लांबतात, बाळ अडतं. प्रसूतिकक्षात "तेव्हा नाही का लाज वाटली, आता कशाला ओरडतेस" हे वाक्य आणि मांडीवर बसणारी चापट या मुलींच्या वाट्याला जास्त येते. न विचारता केलेली आतून तपासणी हा तर जिच्यावर अत्याचार झालेला आहे तिच्यासाठी त्याच अत्याचाराचा पुढचा भाग ठरतो. बाळंतपणात सोबतीला ओळखीची बाई असावी असं केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. 'लक्ष्य' हा प्रसूतिकक्ष सुधारण्याचा कार्यक्रम २०१७ पासून आहे. या सोबतीणीचा आग्रह घरच्यांनी धरावा. तिने एकच काम करायचं: मुलीच्या डोक्याशी उभं राहून, आता काय होणार आहे ते हात लागायच्या आधी तिला सांगत राहायचं.

पीटीएसडीची लक्षणं चार गटांत मोडतात. जुना प्रसंग नको असताना पुन्हा येणं, जागेपणी किंवा स्वप्नात. त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं. मन बधिर होणं, स्वतःला दोष देणं, कशातच गोडी न वाटणं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणं: दचकणं, चिडणं, झोप न लागणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडलं, तर तो आजार. पुस्तकात हे चार गट कोरडे वाटतात. बाळंतिणीच्या खोलीत ते कसे दिसतात ते बघू.

तान्ह्या बाळाचं रडणं ही मुळात धोक्याची घंटाच आहे. आईने धावत यावं म्हणून ती तशी घडलेली आहे. जिचा मेंदू आधीच पहाऱ्यावर आहे, तिला ही घंटा स्वतःवरच्या हल्ल्यासारखी ऐकू येते. काहींचं काळीज धडधडतं, हात थरथरतात, बाळाला झटक्यात उचललं जातं किंवा फटका बसतो. काहींच्या बाबतीत उलट होतं. अत्याचार चालू असताना पळता येत नव्हतं, तेव्हा शरीराने बधिर व्हायला शिकून घेतलं होतं. आता बाळ किंचाळलं की तेच होतं: अंग गार पडतं, आवाज लांबून येतो, नजर एका जागी खिळते. "मला काही कळेनाच" असं ती नंतर सांगते तेव्हा ते अक्षरशः खरं असतं. कधी दातखीळ बसते, आणि घरात लिंबू-मिरची निघते.

स्तनपानाबद्दल उघड बोललंच पाहिजे. छातीला स्पर्श हा जिच्या अत्याचाराचा भाग होता, तिला बाळ पाजताना किळस येऊ शकते, जुनी चित्रं डोळ्यांपुढे येऊ शकतात. ताणामुळे पान्हा फुटायला वेळ लागतो, बाळ चिडतं, ती आणखी घाबरते. बाहेरून दिसतं ते इतकंच की "ही पाजायला कंटाळते". रात्री अंधारात, पडून पाजणं सगळ्यात अवघड जातं. त्याऐवजी बसून, दिवा लावून, पाठ भिंतीला टेकवून, दार दिसेल अशा जागी पाजायला सांगा. समोर कुणी उभं राहून "असं धर, तसं धर" करू नये. परिचारिकेने तर न विचारता तिच्या छातीला हात लावूच नये. कसं धरायचं ते बाहुलीवर किंवा स्वतःच्या मुठीवर दाखवता येतं. अंगावर पाजणं अगदीच असह्य होत असेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने पाजा. असं दूध साध्या खोलीच्या तापमानाला सुमारे चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. नवजात बाळाला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. त्यातलं थोडं वाटीने दिलं तरी आईला श्वास घ्यायला जागा होते, आणि दूध पूर्ण बंद होण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आपल्या बाळंतपणाच्या रीती प्रेमाच्या आहेत, पण या मुलीसाठी त्यांतल्या काही उलटतात. अंधारी खोली, लावलेलं दार, बाहेर जायला बंदी: जिला कोंडून ठेवून काही केलं गेलं, तिला सव्वा महिना हा तुरुंग वाटतो. मालिशवाली बाई उघड्या अंगाला जोराने चोळते, धुरी देताना पाय फाकवून बसवते, आणि मुलगी दात आवळून सोसते. आघात झालेल्या मुली बहुधा नको म्हणतच नाहीत, कारण नको म्हणून उपयोग होत नाही हे त्या शिकलेल्या असतात. म्हणून गप्प बसणं म्हणजे होकार असं धरू नका. दार अर्धं उघडं ठेवा, मालिश करण्याआधी दर वेळी विचारा, अंगावर चादर ठेवून एकेक अवयव उघडा करा, आणि तिने एकदा जरी हात आखडला तर थांबा. शेक-शेगडी राहू द्या, धुरी सोडली तर काही बिघडत नाही.

मुलगा झाला आणि "अगदी बापावर गेलाय" असं पाहुणे कौतुकाने म्हणाले, तर हे वाक्य किती खोल लागेल याचा विचार करा. न्यूयॉर्कमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल शेक्टर यांनी हिंसाचारातून पीटीएसडी झालेल्या आयांवर बराच अभ्यास केला. अशा आया अगदी लहान मुलातही दुष्ट हेतू पाहतात, असं त्यांना आढळलं: "हा मला मुद्दाम छळतो", "ह्याची नजर त्याच्यासारखीच आहे". मग आई आणि मूल यांचं थोडं चित्रण करून ते तज्ज्ञासोबत बसून पाहिलं, मुलाला तेव्हा नेमकं काय वाटत असेल यावर बोललं, की मुलाकडे बघण्याची आईची नजर सौम्य होते, हेही त्यांनी दाखवलं. आपल्याकडे याचा साधा भाग कुणालाही करता येतो. मूल रडतंय तेव्हा आजीने किंवा आशाताईने मोठ्याने बाळाच्या वतीने बोलायचं: "मला ओलं झालंय गं, अजून काही नाही." यात आईला शिकवण नसते आणि दोषही नसतो. दिवसातून चार-पाच वेळा असं झालं की "मुद्दाम करतो" हा विचार सैल पडायला लागतो.

दुसरं टोकही आहे, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही कारण बाहेरून ते चांगल्या आईसारखं दिसतं. ही मुलगी बाळाला कुणाच्या हातात देत नाही, रात्रभर त्याच्या नाकाशी हात धरून श्वास तपासते, सासऱ्याने बाळाला मांडीवर घेतलं की तिला घाम फुटतो. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याचे डोस चुकतात, कारण दवाखान्याची गर्दी, सुई आणि त्या इमारतीचा वास या सगळ्यांत तिचं बाळंतपण दडलेलं असतं. नोंदवहीत "पालकांची टाळाटाळ" अशी नोंद होते. गर्दी नसलेली वेळ ठरवून दिली, सोबत कुणी गेलं, आणि बाळाला टोचताना ते आईच्याच मांडीवर राहू दिलं, की यातल्या बऱ्याच जणी येतात.

हे सगळं मोठ्या वयाच्या आईलाही होतं. मग सोळाव्या वर्षी वेगळं काय? रागाच्या झटक्याला आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. धोका ओळखणारा भाग मात्र या वयात जोरात असतो. शिवाय झोप: किशोरवयीन शरीराला आठ-दहा तास लागतात आणि बाळ ती तुकड्या-तुकड्यांत तोडतं. झोप तुटली की पीटीएसडीचं प्रत्येक लक्षण वाढतं. त्यात या मुलीच्या हातात कुठलाच निर्णय नसतो. बाळाचं नाव, बाळाला काय घालायचं, माहेरी कधी जायचं, पुढचं मूल कधी, काहीच नाही. आघाताचा गाभाच असा असतो की माझ्या हातात काही नव्हतं. तोच अनुभव रोज दिला तर जखम भरायला वाव राहत नाही.

म्हणूनच घरच्यांची सगळ्यात मोठी चूक ही: "हिला जमत नाही" म्हणून बाळ काढून घेणं. आजी बाळाला आपल्याजवळ झोपवते, न्हाऊ-माखू घालते, आई फक्त दूध पाजण्यापुरती. हेतू चांगला असतो. पण मुलीच्या मनात आधीच "मी खराब आहे, माझा हात लागला की सगळं बिघडतं" असं बसलेलं असतं, आणि घर त्यावर शिक्का मारतं. बाळही मग खरोखर आजीकडेच शांत होतं, आणि ते पाहून आई आणखी मागे सरते. मदत आईला करा, म्हणजे ती बाळाचं करू शकेल: कपडे, भांडी, स्वयंपाक, पाणी हे सगळं घराने उचलावं. रात्री एक सलग चार-पाच तासांची झोप तिला मिळालीच पाहिजे. तेवढ्यात एखाद्या वेळचं दूध वाटीने. बाळ तुमच्याकडे शांत झालं की ते तिच्याच हातात परत द्या, आणि तिला ऐकू येईल असं म्हणा, "बघ, तुझा आवाज आल्यावर मान वळवली." हे खरं असेल तेव्हाच म्हणा. खोटं कौतुक या मुली चटकन ओळखतात.

जुना प्रसंग अंगावर येण्याचा प्रत्यक्ष झटका येतो तेव्हा काय करायचं, हे तिला बरी असताना शिकवून ठेवावं लागतं. त्या क्षणी नवीन काही डोक्यात शिरत नाही. पहिली पायरी बाळाची. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं ठेवायचं, आजूबाजूला उशी-गोधडी नको, शेगडी लांब. नवजात बाळाला झोळीत एकटं सोडून जाऊ नये, हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. असं सुरक्षित ठेवलेलं बाळ पाच-दहा मिनिटं रडलं तर त्याला काही होत नाही. रागाने गदागदा हलवलं तर मात्र काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ही दोन वाक्यं प्रत्येक तरुण आईला आणि तिच्या नवऱ्याला पाठ हवीत.

दुसरी पायरी तिची स्वतःची. "डोळे मीट आणि खोल श्वास घे" हा सल्ला इथे अनेकदा उलटा पडतो, कारण डोळे मिटले की जुनी चित्रं आणखी स्पष्ट दिसतात. डोळे उघडे ठेवायचे. अनवाणी पाय फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर दाबायचे. मनगटावर आणि तोंडावर गार पाणी. मग मोठ्याने बोलायचं: "आज मंगळवार. मी माहेरी आहे. दार उघडं आहे. हे माझं बाळ आहे, ते भुकेलंय." झटका आलेला असताना मेंदूला 'तेव्हा' आणि 'आत्ता' यांतला फरक कळत नाही, वार, जागा, गारवा हे सगळं त्याला आत्ताचा पुरावा देतं. त्यानंतर श्वास, चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, दहा वेळा. मग बाळाकडे परत. परत जाणं महत्त्वाचं आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आईला दोन-तीन मिनिटं निर्विकार चेहऱ्याने बसवून बाळं कशी कासावीस होतात ते दाखवलं. हा प्रयोग आयांना घाबरवण्यासाठीच जास्त वापरला जातो. त्याच्याच पुढच्या कामातून निघालेली गोष्ट कमी सांगितली जाते: चांगल्या जोड्यांतही आई-बाळाचा सूर निम्म्याहून जास्त वेळ चुकलेलाच असतो, आणि बाळ घडतं ते तो सूर पुन्हा जुळवला जाण्यातून. झटका ओसरल्यावर तिने बाळाला उचलून "घाबरलास ना, मी आले" म्हटलं, तर ती नेमकं हेच करत असते.

रडण्याचं वेळापत्रकही सांगून ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास कळसाला पोचतं, संध्याकाळी जास्त असतं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. म्हणजे आपल्याकडे सव्वा महिना संपून पाहुणे जातात, मदतीचे हात आटतात, काही ठिकाणी मुलीची सासरी किंवा फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रवानगी होते, नेमक्या तेव्हाच बाळ सगळ्यात जास्त रडत असतं. माहेरपण वाढवता येत असेल तर ते तीन महिन्यांपर्यंत वाढवा. दुसरं काही जमलं नाही तरी हे एवढं करा.

आशाताईंच्या हातात इथे फार काही आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्यांच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. पुढे बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झाल्यावर. पीटीएसडी ओळखायला महिना उलटावा लागतो, त्यामुळे ४२ व्या दिवसाची भेट विचारण्यासाठी योग्य. पण सासूसमोर विचारू नका. बाळाचं वजन करायच्या निमित्ताने सासूला गरम पाणी आणायला पाठवता येतं. प्रश्न घटनेबद्दल नकोत, आताच्या त्रासाबद्दल हवेत. प्राथमिक चाचणीत वापरतात ते पाच प्रश्न साध्या बोलीत असे होतील: गेल्या महिन्याभरात जुन्या वाईट प्रसंगाची स्वप्नं पडली का, किंवा नको असताना तो डोक्यात आला का? तो आठवू नये म्हणून काही जागा, माणसं टाळावी लागली का? सारखं सावध राहावं लागतं, दचकायला होतं का? माणसांपासून, घरापासून तुटल्यासारखं, बधिर वाटतं का? जे झालं त्याचा दोष स्वतःला किंवा दुसऱ्याला देणं थांबत नाही, असं होतं का? तीन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर पुढे पाठवा. ही चाचणी प्रौढांसाठी बनलेली आहे, तेव्हा तिच्यावरून निदान करायचं नाही, फक्त दार उघडायचं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिंबरा प्रश्नावली वापरतात, तिच्या दहा प्रश्नांतून पीटीएसडी निसटू शकतो, पण दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा, कधीच गाळू नका. आणि "नेमकं काय झालं होतं ते सगळं सांगून मोकळी हो" असं कुणी म्हणू नये. एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने आराम पडत नाही, काहींचा त्रास वाढतो.

अठराच्या आतल्या मुलींबाबत कायद्याची भीती उपचाराच्या आड येते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ ते १८ वयाच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच ठरवला. त्यामुळे कुटुंबं वय खोटं सांगतात किंवा दवाखान्यात येतच नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या संदर्भात मुलीने आणि पालकाने विनंती केली तर कळवताना तिचं नाव-पत्ता उघड करायची गरज नाही असं स्पष्ट केलं. बाळंतपणापर्यंत आलेल्या मुलीला त्याचा उपयोग होत नाही. गुन्हा नोंदला गेला तर एक गोष्ट घडते जी बाळाच्या संगोपनावर थेट येते: नवरा आत जातो आणि सासू म्हणते, "तुझ्यामुळे माझा पोरगा तुरुंगात." मुलगी त्याच घरात राहत असेल तर बाळाला दूध पाजण्याचाही तिला हक्क उरत नाही इतकं ते वातावरण विखारी होतं. अशा वेळी बाल कल्याण समितीकडे मदतनीस व्यक्ती मागता येते. पॉक्सोच्या कलम २४ प्रमाणे जबाब घरी किंवा मुलीला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे मागून घ्या. प्रत्येक नव्या माणसापुढे तीच हकिकत सांगायला लागली की पुढचे दोन-तीन दिवस लक्षणं उसळतात. जबाबाच्या दिवशी आणि नंतर बाळासाठी घरात एक जास्तीचा हात आधीच ठरवून ठेवा. महाराष्ट्रात २०१३ पासून अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. ज्या मुलीला बाळ सांभाळणं शक्यच नाही तिला ते समितीपुढे रीतसर सोपवता येतं, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार फेरविचाराला दोन महिने मिळतात. हा पर्याय तिच्यावर लादू नका, पण तिच्यापासून लपवूही नका.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. किशोरवयीनांसाठी आघातावर केंद्रित वर्तनोपचार साधारण १२ ते १६ बैठकांचा असतो. डोळ्यांच्या हालचाली करवून घेत आघाताच्या आठवणींवर काम करणारा ईएमडीआर हा दुसरा. आई आणि पाच वर्षांपर्यंतचं मूल यांना एकत्र घेऊन, आठवड्यातून एकदा, जवळजवळ वर्षभर चालणारी पद्धत सॅन फ्रान्सिस्कोत अॅलिशिया लीबरमन यांनी उभी केली. तिच्यासाठी प्रशिक्षित माणसं आपल्याकडे विरळ आहेत. पण जवळचंच एक उदाहरण आशा वाढवतं. पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मानसोपचारतज्ज्ञ आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्य सेविकांना शिकवून बाळंतपणातल्या नैराश्यावर काम केलं (२००८), आणि त्याच कार्यक्रमाची चाचणी पुढे गोव्यात 'संगत' संस्थेने घेतली, तीही शेजारपाजारच्या बायांना शिकवून. तो नैराश्याचा कार्यक्रम आहे, पीटीएसडीचा नव्हे. तरी दार ठोठावून येणारी, त्याच वस्तीतली, शिकवलेली बाई किती काम करू शकते हे त्यातून दिसतं.

औषधांत सर्ट्रालिन हे नैराश्य आणि पीटीएसडीवरचं औषध अंगावर पाजणाऱ्या आयांना सहसा चालतं, दुधात ते फार थोडं उतरतं. अठराच्या आतल्या मुलीला ते मानसोपचारतज्ज्ञानेच द्यावं. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, बेन्झोडायझेपिन गटातल्या, जागतिक आरोग्य संघटना आघाताच्या त्रासासाठी नको म्हणते (२०१३). शिवाय गुंगीत असलेली आई शेजारच्या बाळावर कलंडण्याचा धोका असतो. या गोळ्या आपल्याकडे मागताच मिळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी मुलांची मदतवाहिनी १०९८. काही वेळा मात्र फोनवर थांबू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन-दोन दिवस झोपच नाही आणि तरी उत्साह उतू जातोय, बोलणं भरकटतंय, बाळात सैतान आहे किंवा कुणीतरी त्याला मारायला सांगतंय असं ती म्हणते, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि बाळाजवळ दुसरं माणूस ठेवा. याच्याशी गल्लत होते ती दुसऱ्या गोष्टीची: "माझ्या हातून बाळ पडेल, सुरी लागेल" असे विचार येतात आणि ते आल्याने ती स्वतःच हादरते. हा बहुधा घबराटीचा भाग असतो, त्यावर उपचार आहेत, आणि या कारणावरून तिच्याकडून बाळ हिसकावून घेऊ नये.

शेवटची गोष्ट पाळणा लांबवण्याची. वर्षाच्या आत दुसरं गरोदरपण आलं की उपचारात मिळवलेलं बरंचसं वाहून जातं. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, पण झोपेत किंवा कळांच्या धुंदीत सही घेऊन नाही. जिच्या शरीराबाबत कुणी विचारलंच नाही, तिला इथे तरी गरोदरपणातच, शांतपणे विचारलं पाहिजे. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर, कोवळ्या वयात डॉक्टरांशी बोलून. आणि नवऱ्याला बाजूला घेऊन कुणीतरी पुरुषानेच, त्याच्या मोठ्या भावाने किंवा आरोग्यसेवकाने, स्पष्ट सांगावं: किमान सहा आठवडे जवळ जायचं नाही, आणि त्यानंतरही ती हो म्हणेल तेव्हाच.